अळ्या घरात नकोत, झाडं अंगणात हवीत

मा. संपादक,


मोनार्क फुलपाखरं वाचवण्यासाठी घरोघरी शेकडो अळ्या वाढवून सोडाव्यात, हे मागील अंकातलं पत्र वाचलं. कळकळ खरी आहे, उपाय पटत नाही. एका जाळीत दाटीवाटीनं वाढणाऱ्या अळ्यांत ‘ओई’ हा परजीवी झपाट्यानं पसरतो. बाधित मादीच्या अंगावरचे बीजाणू अंड्यांवर, पानांवर पडतात, अळी ते खाते आणि कोशातून चुरगळल्या पंखांचं फुलपाखरू निघतं. सौम्य लागण तर डोळ्यांना दिसतही नाही. तीच फुलपाखरं आपण आनंदानं सोडतो. शिवाय, २०१९च्या एका अभ्यासात, शरदात घरात वाढवलेली मोनार्क चाचणीत स्थलांतरासाठी दक्षिणेकडे वळली नाहीत. मोकळं सोडल्यावर काहींना दिशा सापडते, हे पुढे दिसलं. रोगाचा प्रश्न मात्र उरतोच.

पत्रलेखिकेनं अळ्यांच्या खाद्यासाठी सुचवलेलं हळदीकुंकवाचं झुडूप (महाराष्ट्रातही दिसणारं तेच, मिल्कवीडचाच परका प्रकार) इथे दक्षिण टेक्सासात हिवाळ्यातही हिरवं राहतं आणि त्यावर बीजाणू साठत जातात. असेलच, तर ऑक्टोबरात बुडापासून छाटा. मुलांना दाखवायला एखाददुसरी अळी जरूर पाळा, जाळी ब्लीचनं धुवा. पण अंगणात स्थानिक मिल्कवीड लावा आणि कीटकनाशक फवारू नका, ही कळकळीची विनंती.

— एक वाचक, ह्यूस्टन