आधी पत्ता सांगा, मग पोरगं दाखवा

सोलापुरात बालरोगतज्ज्ञ कमी नाहीत. बघावं तिकडं गोऱ्या गुबगुबीत बाळाच्या चित्राची पाटी. माझ्या बहिणीचं पोरगं त्या चित्रासारखं नाही, एवढाच काय तो फरक.

सात महिन्यांचं पोर. दोन दिवस ताप, तिसऱ्या रात्री श्वासासरशी पोट उडायला लागलं. आजी म्हणाली, डबा झालाय, बिब्ब्याचा चटका द्या. मी ओरडलो तिच्यावर. शिकलेला ना मी! बहिणीला आणि पोराला रिक्षात घातलं.

पहिल्या दवाखान्यात काउंटरवरचा विचारतो, "कुठनं आलाव?" वस्तीचं नाव सांगितलं. त्यानं पोराकडं नाही, आमच्या चपलांकडं बघितलं. "डॉक्टर नाहीत." आत दिवा जळत होता, आवाज येत होता. दुसरीकडं डॉक्टर होते, पण आधी दहा हजार भरा. वर उपदेश : घरात तंबाखू कशाला ठेवता? अहो साहेब, बहीण हजार बिड्या वळते तेव्हा चूल पेटते. मांडीवर सूप, शेजारी पोर. हौसेनं ठेवते काय ती तंबाखू?

बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातल्या एका अस्पृश्य शिक्षकाचं पत्र आहे. 'यंग इंडिया'त १२ डिसेंबर १९२९ला छापलेलं. बायको बाळंतीण, आजारी. डॉक्टर म्हणाला, वस्तीत येणार नाही, बाहेर आणा. बाहेर आणली. त्यानं थर्मामीटर मुसलमानाच्या हाती दिलं, त्यानं नवऱ्याच्या, नवऱ्यानं तिच्या. आणि त्याच वाटेनं परत. बाई मेली.

आज डॉक्टर हात लावतो, नाही कशाला म्हणा. पण हातापर्यंत पोचायच्या आधी वस्तीचं नाव आडवं येतं, मग पावती.

सुप्रीम कोर्टानं १९८९ला परमानंद कटारा खटल्यात बजावलं : डॉक्टर सरकारी असो की खाजगी, जीव धोक्यात असेल तर आधी जीव वाचवायचा. तो निकाल अजून काउंटरपर्यंत पोचलेला नाही.

पोरगं जगलं. सरकारी दवाखान्यातल्या एका रेसिडेंट पोरीनं जगवलं. तिनंही पत्ता विचारला, ऑक्सिजन लावून झाल्यावर.

आणि अंधश्रद्ध कोण, तर आम्ही! बिब्बा वाईटच, लेकराची कातडी जाळतो. पण बिब्बा डिपॉझिट मागत नाही. आजीला आता कुठल्या तोंडानं समजावू?

येत्या रविवारी सकाळी निकालाच्या प्रती घेऊन त्या दोन पाट्यांखाली आम्ही उभे राहणार आहोत. दोस्तांनो, ज्यांच्या घरात लहान पोर आहे त्यांनी ते कडेवर घेऊन या.