ओंडक्याची नाव आणि शासनाची नजर

मनोरंजन उद्यानातील ओंडक्यांच्या नावेची सफर वरकरणी अगदी साधी दिसते. सरकता पट्टा नावेला उंचावर नेतो, पन्हळीतले पाणी तिला वाहून नेते आणि शेवटी ती वेगाने खाली येऊन साऱ्यांना भिजवते. या खेळाचा उगम मात्र श्रमात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतातून सँगर गावापर्यंत ५० मैलांहून अधिक लांबीची लाकडी पन्हळ होती. कापलेले लाकूड तिच्यातून खाली येई. त्याच कल्पनेवर १९६३ साली टेक्सासमधील एका उद्यानात या सफरीचा आधुनिक अवतार सुरू झाला. खोपोलीजवळची 'राजासॉरस' सफर त्याच कुळातली.

या खेळात भीती विकत घ्यायची असते, धोका नव्हे. पण दोहोंतला फरक नावेत बसलेल्याला कळत नाही. पंप किती जुना आहे, पट्टा कधी तपासला, हे फक्त चालकाला ठाऊक असते. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराविषयी जे दाखवले, ते येथेही लागू पडते: गुणवत्ता ग्राहकाला दिसत नसेल, तर बाजार तिची किंमत देत नाही. मग देखभालीवरचा खर्च मालकाला अनाठायी वाटू लागतो.

याचे मोल ऑस्ट्रेलियाने चुकते केले. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी गोल्ड कोस्टवरील ड्रीमवर्ल्ड उद्यानात, याच जातीच्या एका जलसफरीत, पंप बंद पडून पाण्याची पातळी घसरली. एक रिकामा तराफा रुळांवर अडकला, मागून आलेला तराफा त्यावर आदळला आणि चौघांचा बळी गेला. तोच पंप त्या दिवशी आधी दोनदा बंद पडला होता. पातळी घसरताच सफर आपोआप थांबवणारी यंत्रणा नव्हती. पुढे २०२० साली मालक कंपनीला ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड झाला.

आपल्याकडे काय? राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत मनोरंजन हा विषय राज्यसूचीत आहे. त्यामुळे उद्यानांची सुरक्षितता राज्याराज्यांवर सोपवलेली आहे. उद्यानांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्के असावा की १८, याचा निर्णय मात्र जानेवारी २०१८ मध्ये सर्व राज्ये व केंद्र एकत्र बसून घेऊ शकले. कराच्या दराबाबत जे एकमत साधते, ते पंपाच्या तपासणीबाबत का साधू नये? जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरिया येथे पाळणा कोसळून दोघे दगावले, तेव्हाही हा प्रश्न समोर होता.

यावर 'इन्स्पेक्टर राज' परत येईल, असा आक्षेप घेतला जातो. तो निराधार नाही. म्हणूनच मी अधिक शिक्क्यांची नव्हे, अधिक माहितीची मागणी करतो. मालकाशी हितसंबंध नसलेल्या अभियंत्याने तपासणी करावी. प्रत्येक बिघाडाची नोंद व्हावी. एकाच दिवशी एकच दोष पुन्हा उद्भवल्यास तो दिवस सफर बंद राहावी. आणि शेवटच्या तपासणीची तारीख तिकीटखिडकीवर ठळक लावावी. ती वाचायला कोणत्याही निरीक्षकाची गरज नाही.

परवाना एकदा देऊन विसरायचा कागद नसतो. नाव रोज पाण्यात उतरते. शासनाची जबाबदारीही रोजचीच असते.