‘नॉर्मल’ म्हणजे काय रे भाऊ?

दरवर्षी कंपनीच्या खर्चाने आपली आरोग्य तपासणी होते आणि दोन दिवसांनी एक चौदा-पंधरा पानी पीडीएफ मेलमध्ये येऊन पडते. डावीकडे तपासणीचं नाव, मध्ये तुमचा आकडा, उजवीकडे ‘नॉर्मल’ची हद्द. बहुतेक लोक ती कशी वाचतात? ठळक अक्षरांत काही छापलंय का तेवढं बघायचं, नसलं की खिडकी बंद. मग टपरीवर, “काय रे, तुझं सगळं नॉर्मल ना?” “हो, ते ड जीवनसत्त्व सोडलं तर.” (ड जीवनसत्त्व कोणाचंच नॉर्मल नसतं. दिवसभर एसीत बसून फक्त मॉनिटरचा उजेड खायचा, तर दुसरं काय होणार!)

माझं म्हणणं इतकंच आहे, की या ‘नॉर्मल’मधून जो अर्थ काढला जातो तो त्यात मुळात नाहीच. आणि निदान आपल्या धंद्यातल्या लोकांना तरी हे कळायला हवं, कारण ऑफिसात आपण नेमकं ह्याच गोष्टीवरून एकमेकांशी भांडत असतो.

आधी एक छोटा हिशोब. प्रौढ माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. उपाशीपोटी त्यात दर १०० मिलीलिटरला ७० ते १०० मिलिग्रॅम साखर. गुणाकार करून बघा. जास्तीत जास्त ५ ग्रॅम. म्हणजे सगळ्या शरीरातल्या रक्तात मिळून चहाचा एक चमचा साखर! आता लग्नाच्या पंगतीत आग्रहाखातर रिचवलेले गुलाबजाम आठवा. ती साखर रक्तात आहे तशी राहिली तर आकडा कुठल्या कुठे जाईल. जात नाही. स्वादुपिंड इन्शुलिन सोडतं, यकृत आणि स्नायू साखर उचलून साठवतात आणि दोनेक तासांत गाडी पुन्हा रुळावर. उलट चतुर्थीला दिवसभर काही खाल्लं नाही तरी चमचा रिकामा होत नाही, तेव्हा यकृत साठवलेली साखर हळूहळू सोडत राहतं.

हे यकृताचं प्रकरण पहिल्यांदा शोधलं फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. बाहेरचं जग कसंही बदलो, आतलं वातावरण स्थिर राहतं म्हणूनच प्राणी मोकळेपणाने जगू शकतो, ही कल्पनाही त्यांचीच. पुढे हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२६ मध्ये त्याला ‘होमिओस्टॅसिस’ असं नाव दिलं. १९३२ च्या पुस्तकात त्यांनी या सगळ्याला ‘शरीराचं शहाणपण’ म्हटलंय, आणि ते मला फार आवडतं.

या शहाणपणाचा सगळ्यात धमाल प्रयोग मात्र बर्नारच्याही आधीचा आहे. १७७५ च्या सुमारास चार्ल्स ब्लॅगडन नावाचा इंग्रज डॉक्टर आपल्या मित्रमंडळींना घेऊन पाणी उकळेल त्याहूनही गरम अशा खोलीत जाऊन बसला. शेजारी अंडी आणि मांसाचा तुकडा ठेवला होता. दोन्ही शिजलं. ब्लॅगडन मात्र काही मिनिटांनी चालत बाहेर आला, अंगाचं तापमान जवळजवळ होतं तिथेच. घाम हे केवढं मोठं यंत्र आहे ते या माणसाने स्वतःला भट्टीत घालून दाखवलं. (रॉयल सोसायटीने हे छापलंसुद्धा. त्या काळी एथिक्स कमिटी नव्हती हे विज्ञानावर उपकारच म्हणायचे.)

असो. आता आपल्या भाषेत.

कॅनन यांच्यासोबत काम केलेले आर्तुरो रोझेनब्लूथ हे नॉर्बर्ट वीनर यांचे जवळचे सहकारी. वीनर यांचं १९४८ चं ‘सायबरनेटिक्स’ त्यांनाच अर्पण केलंय. म्हणजे आपण कॉलेजात कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरला घोकलेला फीडबॅक लूप आणि शरीरातला लूप हे चुलतभाऊच. आणि चांगल्या लूपची खासियत काय? लोड कितीही वाढला तरी आउटपुट हलत नाही. त्यासाठीच तर तो बसवलेला असतो. मग नुसतं आउटपुट बघून लोड किती आहे हे कसं कळणार? नाहीच कळणार! कळलं असतं तर लूप बिघडलाय असं म्हणावं लागलं असतं.

ज्याने कधी ऑन-कॉल ड्यूटी केलीय त्याला हे समजवायला नको. डॅशबोर्डवर सगळे दिवे हिरवे. युजरला उत्तर वेळेत मिळतंय. आतमध्ये मात्र प्रत्येक विनंती तीन-तीनदा रीट्राय होतेय, ऑटोस्केलिंगने चाराचे चौदा सर्व्हर केलेत, आणि आता पंधरावा मागायला जागा नाही. मग पहाटे तीन वाजता अचानक सगळं कोसळतं आणि दुसऱ्या दिवशी मॅनेजर विचारतो, “कालपर्यंत तर नॉर्मल होतं ना?” होतं की. आणि ते नॉर्मल ठेवण्यातच सगळं संपलं होतं.

शरीरात हे जागोजागी दिसतं. अपघातात रक्त जातं तेव्हा रक्तदाब लगेच पडत नाही. नाडी वाढते, हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, त्वचा गार पडते, आणि आडव्या झोपलेल्या तरुण माणसाचा वरचा रक्तदाब तीस टक्क्यांच्या आसपास रक्त जाईपर्यंत बऱ्यापैकी टिकून राहू शकतो. मग एकदम घसरतो. म्हणून तर अपघात विभागातला मुरलेला डॉक्टर रक्तदाबाच्या आकड्यावर खूश होत नाही, तो नाडी आणि तळहात बघतो. मूत्रपिंडाचंही तसंच. रोज १८० लिटरच्या आसपास द्रव गाळणारी ही यंत्रणा आपली निम्मी ताकद गमावून बसली तरी क्रिएटिनिनचा आकडा हद्दीत असू शकतो.

याला एक सुंदर अपवाद आहे, थायरॉइड. तिथे डॉक्टर आधी थायरॉइडचं हार्मोन बघतच नाहीत, मेंदूतली पियुषिका ग्रंथी थायरॉइडला किती जोरात ओरडून कामाला लावतेय ते बघतात. तोच तो टीएसएच. हार्मोन हद्दीत आणि टीएसएच वाढलेला, म्हणजे काम होतंय पण साहेबाला घसा फोडावा लागतोय. थोडक्यात, रिपोर्टमध्ये लूपचे कष्ट मोजणारा एक तरी आकडा आहे. साखरेच्या बाबतीत तो नसतो. इन्शुलिन मोजता येतं, पण वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे आकडे एकमेकांशी नीट जुळत नाहीत, त्यामुळे ती चाचणी सरसकट सांगितली जात नाही. आपल्या हातात पडतो तो फक्त चमचा भरलेला आहे की नाही हा निकाल. तो भरलेला ठेवायला स्वादुपिंड एक पट काम करतंय की तीन पट, ते नाही.

आणि हे काही उगाच घाबरवणं नाही. ब्रिटनमधल्या सरकारी नोकरांवर (म्हणजे आपल्यासारखेच खुर्चीवाले!) वर्षानुवर्षं चाललेला ‘व्हाइटहॉल २’ नावाचा अभ्यास आहे. त्यातल्या साडेसहा हजार लोकांचे आकडे २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. ज्यांना पुढे मधुमेह झाला, त्यांची उपाशीपोटीची साखर वर्षानुवर्षं अगदी संथ चढत होती आणि निदानाच्या साधारण तीन वर्षं आधी तिने एकदम उसळी मारली. त्या उसळीच्या जरा आधी स्वादुपिंडाचं काम वाढलेलं दिसतं. नंतर ते खाली येतं. म्हणजे बिचाऱ्याने शेवटचा जोर लावून बघितला. आपला पंधरावा सर्व्हर!

आता कोणी म्हणेल, “मी बारीक आहे, मला काय होतंय?” तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापलेला एक फोटो जरूर बघा. शेजारी शेजारी उभे स्वतः याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३. दोघेही सडपातळ. अंगातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या पुणेकराची २१.२ टक्के! ‘बारीक पण चरबीवाला भारतीय’ ही याज्ञिकांची मांडणी आज जगभर शिकवली जाते. त्यामुळे बीएमआयच्या तक्त्यात तुम्ही हिरव्या चौकोनात बसलात म्हणून फार हुरळून जायचं कारण नाही. भारतीयांसाठी ती हद्द २५ नाही, २३ धरतात. शिवाय शिंप्याकडची टेप पोटाभोवती गुंडाळून बघा. पुरुषांना ९० सेंटिमीटर, बायकांना ८०. ही टेप त्या पीडीएफपेक्षा जास्त खरं बोलते, आणि ती पंधरा रुपयांना मिळते.

मग काय, आणखी तपासण्या करायच्या? मला नाही तसं वाटत. ‘८५ चाचण्या फक्त ९९९ मध्ये’ वगैरे पॅकेजेस हा मला निव्वळ डॅशबोर्ड विकण्याचा धंदा वाटतो. पंच्याऐंशी आकडे मोजले की त्यातले तीन-चार योगायोगानेच हद्दीबाहेर जाणार, कारण ‘नॉर्मल’ची हद्द बऱ्याचदा निरोगी लोकांपैकी पंच्याण्णव टक्के लोक जिथे बसतात तिथेच आखलेली असते. त्या तीन-चारांची काळजी करण्यात महिना जातो. त्यापेक्षा जुने रिपोर्ट उघडा. उपाशीपोटीची साखर ८४, मग ८८, मग ९३, मग ९८. चारही वेळा शेजारी ‘नॉर्मल’ लिहिलेलं असेल आणि ते खोटंही नाही. पण हे चार आकडे ग्राफवर टाकले तर शेंबडं पोरही सांगेल रेघ कुठे चाललीय. एका आकड्यात दोन-चार इकडेतिकडे होतातच, चार वर्षांची चढण मात्र सहसा तशी नसते. छापणारी लॅब मागच्या वर्षीचा रिपोर्ट बघत नाही, एचआरला फक्त तपासणी झाल्याची टिकमार्क हवी असते. रेघ आपणच ओढायची.

दंडावर ग्लुकोज मॉनिटर चिकटवून फिरणाऱ्या निरोगी मित्रांबद्दलही थोडं बोलतो. ग्राफ मलाही आवडतात. पण हापूस खाल्ल्यावर १४५ दिसलं म्हणून घाबरणं म्हणजे लूपला लूपचं काम करताना पाहून घाबरणं. आणि गंमत बघा, दर पाच मिनिटांनी मोजलं तरी शेवटी मोजतोय आउटपुटच. इन्शुलिन तिथेही दिसत नाही.

अल्कलाइन पाण्याबद्दल एकच वाक्य: रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये ठेवायचं काम फुप्फुसं आणि मूत्रपिंडं फुकटात करतायत, आणि तुमची महागडी बाटली पहिल्यांदा पडते ती पोटातल्या आम्लात.

राहता राहिली झोप. १९९९ मध्ये शिकागो विद्यापीठात अकरा निरोगी तरुणांना सलग सहा रात्री फक्त चार तास अंथरुणावर राहू दिलं. नंतर शिरेतून साखर दिली तर ती रक्तातून उचलली जाण्याचा वेग, पुरेशा झोपेच्या मानाने, ४० टक्क्यांनी कमी निघाला. सहा रात्री! आपल्याकडे एका रिलीजच्या आधीचा आठवडा साधारण एवढाच असतो. जी कंपनी हौसेने वर्षातून एकदा आपलं रक्त तपासून घेते, तीच रात्री साडेअकराचा कॉल लावते. मला निवड करायला सांगितली तर मी म्हणेन तपासणी राहू द्या, कॉल तेवढा उद्या सकाळी घ्या. शिकागोच्या त्या मुलांना नंतर आठवडाभर रोज बारा-बारा तास अंथरुणावर काढू दिलं होतं, आणि तुलना केली ती त्या आरामानंतरच्या आकड्यांशी. आमच्या रिलीज कॅलेंडरमध्ये तसा आठवडा शोधून पाहिला. डिसेंबरच्या शेवटी एक होता, त्यावर कोणीतरी ‘बफर’ असं लिहून ठेवलंय.