कार्डावर सुनेचे नाव

खानापूर-बेळगाव भागातल्या आपल्या शेतकरी घरांत सून पुष्कळदा चंदगड-गडहिंग्लजकडून येते. लग्न मे महिन्यात उरकते आणि पाठोपाठ पेरणी लागते. माहेरच्या रेशनकार्डावरचे तिचे नाव कमी करून सासरच्या कार्डावर चढवायचे तेवढे राहून जाते. त्यात माहेर महाराष्ट्रात, सासर कर्नाटकात. म्हणजे दोन सरकारे, दोन भाषा, दोन कचेऱ्या.

एरवी कुणाला याचे काही वाटत नाही. दिवस गेले की मात्र अडते. कर्नाटकात 2018 साली आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटक योजना आली. तीत दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार ठरले, इतरांच्या खर्चातला 30 टक्के भाग सरकारने उचलायचा. कोण कुठल्या गटात, ते रेशनकार्ड सांगते. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, अगदी सिझेरियनसुद्धा, 2011 च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमामुळे मोफत आहे. पण तिथून मोठ्या खाजगी इस्पितळात पाठवले की पहिला प्रश्न येतो, कार्डावर नाव आहे का?

आम्हांला हे उलटे वाटते. गरोदर बाईची नोंद आशाताई आणि नर्सबाई आधीच करतात, तायी कार्ड तिच्या हातात देतात. माणसे सरकारची, वहीही सरकारची. मग त्याच नोंदीवर तिला आणि होणाऱ्या बाळाला विम्यात का धरू नये? रेशनकार्डाची दुरुस्ती मागाहून होऊ द्यावी. हे न जमण्यासारखे नाही. 2008 च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत 30 रुपये भरले की स्मार्ट कार्ड गावातच छापून मिळे, आणि नवजात बाळ चालू मुदतीत आपोआप धरले जाई. विम्याची रक्कम तोकडी होती, वर्षाला 30 हजार. पण बाईला खेटे घालावे लागत नव्हते.

सरकार हे करील तेव्हा करील. तोवर बाळाचा जन्म 21 दिवसांच्या आत नोंदवा, फी पडत नाही. बाप्तिस्म्याच्या दाखल्यावर भागेल असे आपल्यात अजून कित्येकांना वाटते. तो दाखला चर्चच्या कामाचा, कचेरीत तो जन्मदाखल्याच्या जागी चालत नाही. नावही एकच ठेवा. बाप्तिस्म्यात एक, आधारवर दुसरे, अशाने पुढे कॉम्प्युटरपुढे बसलेला कारकून फॉर्म परत करतो. आणि यंदा घरात सून आली असेल, तर लग्नाचा सरकारी दाखला व माहेरी नाव कमी केल्याचा कागद घेऊन लावणीआधीच तालुक्याला जाऊन या. लावणी लागली की घरातून कुणालाच सवड होत नाही.