यानाची उष्णता जाते कुठे?

दिवाळीच्या सुट्टीत भाच्याने एक मोठे किट जोडून पूर्ण केले. ‘स्टार वॉर्स’मधले मिलेनियम फाल्कन. प्लॅस्टिकच्या चौकटीतून एकेक भाग कापायचा, कडा घासायच्या, जागेवर बसवायचे आणि शेवटी रंगाचा हात द्यायचा. आठ दिवस जेवणाचे टेबल त्याच्याच ताब्यात होते. तयार झालेले यान त्याने कपाटावरच्या आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाच्या छोट्या मॉडेलशेजारी ठेवले आणि निकाल दिला, “मामा, या स्टेशनपेक्षा फाल्कनच जास्त खरं वाटतं.”

वाटते खरे. फाल्कनच्या अंगावर इंचाइंचाला नळ्या, झडपा आणि जाळ्या आहेत. स्थानक मात्र डबे आणि पत्रे कसेबसे जोडल्यासारखे दिसते. पण फाल्कनवरच्या त्या नळ्या आल्या कुठून? १९७७च्या पहिल्या चित्रपटासाठी यान बनवणाऱ्या कारागिरांनी दुकानात मिळणारी रणगाड्यांची, विमानांची, गाड्यांची किट आणली आणि त्यातले सुटे भाग यानावर चिकटवले. या पद्धतीला ‘किटबॅशिंग’ म्हणतात. बारीक तपशील भरपूर असले की वस्तू डोळ्याला प्रचंड मोठी भासते, एवढाच त्यामागचा हिशेब होता. जपानच्या ‘बंदाई’ कंपनीने २०१७मध्ये काढलेल्या १/७२ प्रमाणाच्या किटमध्ये चित्रपटातल्या त्या मूळ मॉडेलचे बारकावे जपले आहेत. म्हणजे रणगाड्याचा भाग किटमधून यानावर गेला आणि चाळीस वर्षांनी यानाचा भाग म्हणून पुन्हा किटमध्ये आला! ही अचूकता थक्क करणारी आहे, पण तिचे नाते चित्रपटाशी आहे. अंतराळाशी तिचा काही संबंध नाही.

खऱ्या यानात कोणता भाग असलाच पाहिजे, असे कोणी विचारले तर बहुतेक जण इंजिन म्हणतील. मी रेडिएटर म्हणेन. अंतराळ थंडगार असते, त्यामुळे यान गोठेल, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात अडचण बरेचदा उलटी असते. थर्मासमध्ये चहा तासन्‌तास गरम राहतो, कारण त्याच्या दोन भिंतींमध्ये निर्वात पोकळी असते. उष्णता वाहून न्यायला तिथे हवाच नसते. अंतराळातले यान अशाच एका अवाढव्य थर्मासमध्ये बसलेले असते. आत संगणक चालू असतात, पंप चालू असतात आणि स्वस्थ बसलेला प्रत्येक माणूस साधारण १०० वॅटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता सोडत असतो. ती बाहेर टाकण्याचा एकच मार्ग उरतो, तो म्हणजे प्रारण. त्यासाठी लागतो मोठा पृष्ठभाग. खोलीच्या तापमानाला एक चौरस मीटरचा पत्रा एका बाजूने जेमतेम ४०० वॅट बाहेर टाकू शकतो.

अंतराळ स्थानकाचे छायाचित्र नीट पाहा. सोनेरी-तपकिरी पंखे सौरऊर्जेचे आहेत. त्यांच्या आडवे जे पांढरे, घडीचे पत्रे दिसतात ते रेडिएटर. त्यांतून अमोनिया खेळवला जातो आणि सुमारे ७० किलोवॅट उष्णता बाहेर टाकता येते. घरातले ३५ गिझर एकाच वेळी चालू ठेवावेत, तेवढी. स्पेस शटलचे रेडिएटर मालकक्षाच्या दारांच्या आतल्या बाजूला होते. कक्षेत पोहोचल्यावर ती दारे उघडलीच नाहीत, तर मोहीम आवरून परतावे लागले असते. फाल्कनला असा पत्रा कुठेच नाही. नियमाने गेले, तर आतली मंडळी शत्रूच्या हाती सापडण्याआधीच उकडून निघतील.

हे चित्रपटवाल्यांना ठाऊक नसते, असे मात्र नाही. १९६८च्या ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’साठी स्टॅन्ली कुब्रिकने ‘नासा’च्या कामाचा अनुभव असलेल्या हॅरी लँग आणि फ्रेडरिक ऑर्डवे यांना सोबत घेतले होते. त्यातल्या ‘डिस्कव्हरी’ यानाची लांबलचक, पाठीच्या कण्यासारखी रचना शास्त्राला धरून आहे. मागे अणुभट्टी, पुढे माणसे आणि किरणोत्सर्गापासून बचाव म्हणून मध्ये अंतर. आरंभीच्या आराखड्यांत रेडिएटरही होते. पण प्रेक्षक त्यांना पंख समजतील आणि हवा नसलेल्या ठिकाणी पंख कशाला, असे विचारतील, म्हणून ते काढून टाकले गेले. अणुभट्टीवर चालणाऱ्या यानाला उष्णता टाकायला जागाच उरली नाही. त्या यानाचे किट आज बाजारात मिळते. तेही अर्थात बिनरेडिएटरचेच.

याच यानातले फिरते दालन आपल्या कानाशी संबंधित आहे. त्यासाठी उभारलेल्या सेटचा व्यास सुमारे ११.६ मीटर होता. एवढ्या चाकात पृथ्वीइतके वजन जाणवायचे, तर ते मिनिटाला १२ फेऱ्यांहून जास्त वेगाने फिरवावे लागेल. मग मान वळवताच आतल्या कानातला तोल सांभाळणारा द्रव गोंधळेल आणि पोटात ढवळू लागेल. शिवाय पायांपाशी जेवढा ओढा, त्याच्या जेमतेम ७० टक्के डोक्यापाशी. आर्थर क्लार्क यांनी कादंबरीत चंद्राइतक्याच गुरुत्वावर समाधान मानले, ते उगाच नाही. तेवढ्यासाठीही मिनिटाला ५ फेऱ्या लागतात. मिनिटाला २ फेऱ्यांच्या निवांत गतीने पृथ्वीइतके वजन हवे असेल, तर चाकाची त्रिज्या सुमारे २२४ मीटर असावी लागेल.

“अहो, गोष्टच आहे ती, मजा घ्या की,” असे कोणी म्हणेल. मजा मीही घेतो. फाल्कन परीकथेतले यान आहे, त्याच्याकडून हिशेब मागायचा नाही, हे मला मान्य आहे. माझी तक्रार वेगळी आहे. नळ्या आणि झडपा भरपूर असल्या की आपण त्याला ‘वास्तवदर्शी’ म्हणून मोकळे होतो. तपशिलांची गर्दी हाच खरेपणाचा पुरावा, ही सवय मग मॉडेलपुरती राहत नाही. आकड्यांनी आणि आकृत्यांनी भरलेली औषधाची जाहिरातही अशीच खरी वाटते. त्या गर्दीतला कोणता भाग नेमके काय काम करतो, हे विचारायचे राहूनच जाते.

म्हणून किट बनवणाऱ्या मुलांनी तीन प्रश्न विचारावेत असे मला वाटते. इंधन कुठे भरले आहे? पाय जमिनीला कशामुळे टेकतात? आणि उष्णता जाते कुठे? उत्तर सापडले नाही म्हणून किट वाईट ठरत नाही. उलट खरा उद्योग तिथूनच सुरू होतो. ‘अवतार’ (२००९) चित्रपटातल्या यानाला तर भलेमोठे, तापून लाल झालेले रेडिएटर आहेत आणि प्रेक्षकांचे त्यावाचून काही अडले नाही.

भाच्याला हे सगळे सांगितल्यावर त्याने फाल्कनला हात लावू दिला नाही, ते ठीकच झाले. पण उरलेल्या प्लॅस्टिकमधून तो आता स्वतःचे यान जोडतो आहे. परवा त्याने त्याला पांढऱ्या पुठ्ठ्याचे दोन लांब पत्रे लावले. “पंखांसारखे दिसतात,” तो जरा खट्टू होऊन म्हणाला. संध्याकाळी त्याच्या मित्राने नेमके तेच विचारले, “अंतराळात पंख कशाला रे?” भाच्याने त्याला खाली बसवले आणि थर्मासपासून सुरुवात केली.