नळीचा प्री-अ‍ॅम्प्लिफायर : घरांत हवा कीं नको ?

गोदातीरीं वसलेल्या आमच्या शहागडांत सकाळीं घरोघरीं भक्तिगीतांचे सूर कानीं पडतात. हे सूर आतां बहुधा मोबाईलमधून निघून लहानशा स्पीकरवाटे बाहेर येतात. अशा वेळीं, कांचेच्या नळीचा प्री-अ‍ॅम्प्लिफायर घेतल्यास गाणें अधिक गोड लागतें असें कोठें तरी ऐकून एखादा विद्यार्थी वडिलांपाशीं हट्ट धरितो. वडिलांपुढें मोसंबीच्या बागेचा खर्च आणि मुलांची फी उभी असते. हा हट्ट पुरवावा काय ?

प्रथम ही वस्तु काय आहे तें पाहूं. १९०६ सालीं अमेरिकेंत ली डी फॉरेस्ट यांनीं निर्वात नळींत तिसरा ध्रुव बसविला व क्षीण विद्युत्संकेत मोठा करण्याची वाट खुली झाली. १९२५ च्या सुमारास तबकड्यांचें विद्युत् ध्वनिमुद्रण सुरू झालें, तेंहि नळ्यांच्याच बळावर. पुढें १९४७ सालीं ट्रान्झिस्टर निघाला आणि नळ्यांचें राज्य ओसरलें.

नळीच्या गोडव्याची गोष्ट अगदींच खोटी नाहीं. नळींतून जातांना मूळ स्वरांत त्याच्या वरच्या सप्तकांतील स्वर किंचित् मिसळतो. षड्जाच्या मागें तार षड्ज हळूच वाजावा तसा. कानास तें सुखद वाटतें. परंतु गायकानें तें गाइलेलें नसतें ! साखर घातलेलें दूध गोड लागलें म्हणून गाईचें दूधच तितकें गोड, असें कोणी म्हणत नाहीं.

आतां गरजेचा विचार करूं. तबकडीच्या सुईपासून मिळणारा संकेत सुमारें ५ मिलिव्होल्ट, म्हणजे अत्यंत क्षीण असतो. त्यास वाढविणारें साधन हवेंच. उलट सी.डी. वाजविणारें यंत्र सुमारें २ व्होल्ट, म्हणजे त्याच्या चारशेंपट संकेत देतें, आणि पुढील अ‍ॅम्प्लिफायरास बहुधा १ व्होल्ट पुरतो. जेथें घागर आधींच भरलेली आहे, तेथें आणखी पाणी कशाला ओतावें ?

शिवाय आमची परिस्थिति ! वैशाखांत पारा चाळिसांच्या वर जातो आणि नळी स्वतःच तापून चालते. विजेचा दाब कमीजास्त होतो, म्हणून स्टॅबिलायझरचा खर्च वाढतो. नळीचें आयुष्य साधारण पांच ते दहा हजार तास धरलें, तर रोज सहा तास वाजविणाऱ्यास सव्वादोन ते साडेचार वर्षांत नवी नळी बाहेरून मागवावी लागणार. आंतील दाब दोनशें व्होल्टांच्या घरांत असूं शकतो व बटण बंद केल्यावरहि कांहीं काळ टिकतो. म्हणून मुलांनीं तें यंत्र कदापि उघडूं नये.

ज्याच्यापाशीं तबकड्यांचा संग्रह, शांत खोली आणि सवड आहे, त्यानें हा छंद खुशाल करावा. त्यास आम्ही हंसणार नाहीं. मात्र घेण्यापूर्वीं त्यानें एक परीक्षा करावी. दोन्ही यंत्रांचा आवाज सारखाच ठेवावा, कारण जें मोठ्यानें वाजतें तेंच कानास सरस वाटतें. मग डोळे मिटून बसावें व बहिणीस न सांगतां यंत्र बदलावयास लावावें. दहा वेळांत आठ-नऊ वेळां नळी ओळखतां आली, तरच पुढें विचार करावा.

रोजच्या घरगुती उपयोगास मात्र हें यंत्र योग्य नव्हे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तेवढ्या पैशांत चांगले स्पीकर घ्यावेत, ते कोपऱ्यांतून काढून कानाच्या उंचीवर ठेवावेत आणि उघड्या भिंतीवर जाड पडदा सोडावा. याचा फरक घरांतील आजीसहि कळेल.

बुरूज बांधूं इच्छिणारा मनुष्य आधीं बसून खर्चाचा हिशेब करितो, ही शुभवर्तमानांतील शिकवण आपण वर्गांत ऐकतों. ती लहान वस्तूंनाहि लागू आहे. विद्यार्थिमित्रांनो, यंत्र उसन्या मतावर घेऊं नका. आधीं स्वतःचा कान तयार करा. तो एकदां तयार झाला, म्हणजे साध्या पेटींतूनहि गाणें भरभरून ऐकूं येतें.