आधी पाळीचं विचारा

नारपोलीतल्या माझ्या शेजारणीची, कांड्या भरणारीची, दाढ काढली आणि दोन दिवस रक्त थांबेना. तपासणीत व्हॉन विलेब्रँड आजार निघाला. पाळीत दहा-दहा दिवस तिच्या अंगावरून जायचं, 'बायकांचं असतंच' म्हणून आम्हीही (हो, आम्हीही!) सोडून दिलेलं. हा आजार बाईपुरुष दोघांनाही होतो. २०१६च्या अपंग हक्क कायद्यात मात्र त्याचं नाव नाही. हिमोफिलिया आहे, तोही बाईकडून मुलाला जाणारा म्हणून. बाईचं स्वतःचं रक्त कुठल्या व्याख्येत?

आता दुसरी दाढ ठणकतेय. ती उपटण्यापेक्षा रूट कॅनॉल बरं, रक्त कमी जातं. पण जबडा बधिर करणाऱ्या खोल इंजेक्शनाआधी रक्तविकारतज्ज्ञांचा सल्ला आणि औषधांची तयारी हवी. दंतवैद्यांना म्हटलं, बाई आली की पाळीचंही विचारत जा. ते हसले.